पाच लाखांत रोजच्या वापरासाठी जुनी सेडान: डिझायर, अमेझ, सिटी की सियाझ?

धायरीकर (३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं एक छोटी हॅचबॅक वापरतोय. ती आता पुतण्याला देणार आहे, त्यामुळे दुसरी गाडी बघायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

माझी गरज अशी. घर धायरीला आणि ऑफिस हिंजवडी फेज २ ला, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. नवले पूल, चांदणी चौक, वाकड असा रस्ता आहे. महिन्यातून दोनदा वाईला जातो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आईचं वय ७२ आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात. गावाहून येताना तांदूळ, नारळ, आईचा वॉकर, मुलांच्या बॅगा असं सगळं असतं. हॅचबॅकमध्ये अर्धं सामान मांडीवर घ्यावं लागायचं, म्हणून डिकीवाली गाडी हवी.

बजेट ५ लाख, त्यात नावावर करणं, विमा आणि पहिली मोठी सर्व्हिस धरलेली आहे. कर्ज काढायचं नाही. नवीन घ्यायची ऐपत आज नाही आणि त्यासाठी हप्ते अंगावर घ्यायचे नाहीत.

डोक्यात चार नावं आहेत: मारुतीची डिझायर (२०१७-१८), होंडाची अमेझ (२०१८), होंडाचीच सिटी (२०१४-१५) आणि मारुतीची सियाझ (२०१६-१७). ऑटोमॅटिक घ्यावी का, डिझेल परवडेल का, यावरही सांगा.

---

चौथा_गिअर (३ नोव्हेंबर, रात्री ११.२५)

धायरीकर, या चार नावांत खरं तर दोन वेगळ्या प्रकारच्या गाड्या आहेत. तो फरक आधी समजून घ्या.

आपल्याकडे चार मीटरच्या आतली, पेट्रोलला १२०० सीसीपर्यंतची गाडी लहान गाडी धरली जाते आणि तिला कर कमी लागतो. २००६ च्या अर्थसंकल्पापासून हे चालत आलंय. म्हणून तर डिझायरची शेपटी कापली गेली. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ ला आलेली ३९९५ मिलिमीटर. अमेझ, एक्सेंट, ऑरा, टिगोर या सगळ्या त्याच मापात बसवलेल्या. सिटी आणि सियाझ त्या मापाच्या बाहेरच्या. सियाझ ४४९० मिलिमीटर लांब आहे आणि तिच्या दोन चाकांमधलं अंतर २६५० मिलिमीटर. डिझायरचं तेच अंतर २४५०. ही २० सेंटीमीटर सगळी मागच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळतात.

आता जुन्या बाजाराकडे बघा. सगळे उंच गाड्यांच्या मागे लागलेत, मोठ्या सेडानला गिऱ्हाईक कमी. त्यामुळे नवी असताना डिझायरपेक्षा कितीतरी महाग असलेली सियाझ किंवा सिटी आज साधारण त्याच पैशात मिळते, फक्त डिझायरपेक्षा एक-दोन वर्षं जास्त जुनी असते. रोज स्वतः वापरणाऱ्या माणसाला याहून चांगला सौदा नाही. मी स्वतः २०१६ ची मोठी सेडान चार वर्षं वापरतोय आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तीच घेईन.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नव्या डिझायरची किंमत उतरली की जुन्या डिझायरच्या मालकालाही उतरावं लागतं, पण बऱ्याच जणांच्या जाहिराती अजून जुन्याच भावाने आहेत. हा मुद्दा घासाघीस करताना वापरा.

---

मैत्रेयी_ठाणे (४ नोव्हेंबर, सकाळी ८.१०)

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे २०१७ ची डिझायर पेट्रोल आहे, ९१ हजार रनिंग झालंय. आजवर टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि एकदा क्लच, एवढाच खर्च. ठाण्यात ट्रॅफिकमध्ये १४-१५ चं अ‍ॅव्हरेज देते. डिकी ३७८ लिटरची आहे, दोन मोठ्या बॅगा आणि वर दोन पिशव्या आरामात मावतात. शिवाय २०१७ पासून सगळ्या व्हेरिअंटना दोन एअरबॅग आणि एबीएस आहे.

मोठी गाडी स्वस्तात मिळते हे खरं, पण तिचे टायर मोठे, हेडलॅम्प महाग, विमा जास्त, आणि सोसायटीत पार्किंगची जागा आधीच चिंचोळी. धायरीच्या गल्ल्या मला माहीत आहेत, माझी बहीण तिथे राहते. दादा, फक्त विकत घेण्याची किंमत बघू नका, पाच वर्षं सांभाळायचा खर्च बघा.

---

जुना_गॅरेजवाला (४ नोव्हेंबर, दुपारी २.५५)

मी ३२ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. वरच्या दोघांचंही बरोबर आहे. पण एक सांगतो, चारही मॉडेल चांगली आहेत. आठ वर्षांनंतर मॉडेलमध्ये जेवढा फरक राहतो, त्याच्या दसपट फरक गाडी कोणी वापरली यात असतो. नीट ठेवलेली एक लाख चाललेली गाडी घ्या, पण तेल न बदलता चाळीस हजार चालवलेली घेऊ नका. म्हणून गाडी बघायची कशी ते लिहितो.

फोन करतानाच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी जा. पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विचारा का चालू केली होती. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. पहिल्या स्टार्टला एकाने सायलेन्सरजवळ उभं राहायचं. निळसर धूर आला की इंजिन ऑइल खातंय. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येते, तिला घाबरू नका. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. दुधाच्या सायीसारखं काही चिकटलं असेल तर कूलंट तेलात जात असण्याची शक्यता आहे, तिथून परत फिरा.

मग बॉडी. बॉनेट आणि मडगार्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर कंपनीचा रंग असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. मडगार्ड उघडलंय म्हणजे गाडी मोठी ठोकलीच असं नाही, पण विचारायला कारण मिळतं. खरी भीती पिलरची, म्हणजे छत पेलणाऱ्या दरवाजांमधल्या खांबांची. दरवाजा उघडून रबराचं बीडिंग थोडं खाली ओढा. आत पत्र्यावर सारख्या अंतरावर छोटे गोल खळगे दिसतात, ते कंपनीचे स्पॉट वेल्ड. तिथे वेडीवाकडी वेल्डिंगची रेघ किंवा पुट्टी दिसली तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी नको. सगळ्या काचांवर बनल्याच्या वर्षाची खूण असते, एखादीच वेगळी निघाली तर तीही विचारा.

रनिंगच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आकडा मागे घेणारे गल्लीगल्लीत बसलेत. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगची दहा आणि दोन वाजताची जागा बघा, ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड बघा. ३५ हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २०१८ ची गाडी, २५ हजार रनिंग सांगतात आणि चारही टायर २०२३ चे? मग पहिले टायर कुठे गेले?

चालवताना काचा खाली, गाणी बंद. कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने हळू घ्या, भिंतीवरून आवाज परत येतो आणि सस्पेन्शनची खडखड लगेच कळते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, टकटक आली तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. चढावर वरच्या गिअरला रेस द्या. आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढतो पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच संपला. एसी दुपारच्या उन्हात उभ्या गाडीत लावून बघा.

आणि शेवटी हजार-दीड हजार देऊन ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा, स्कॅनर असलेला.

---

पंचगंगा (४ नोव्हेंबर, रात्री ९.०५)

गॅरेजवाले काकांनी सगळं लिहिलंय, मी फक्त एक भर घालतो, कारण आमच्या घरात हे घडलंय.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०२१ ला चिपळूणला तेच. विमा कंपनी अशी गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची धरते, ती लिलावात जाते, कोणीतरी धुऊन-पुसून उभी करतं आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकतं. माझ्या चुलतभावाने २०२० ला अशीच एक घेतली, पुण्याच्या एका डीलरकडून. आतून नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, सुगंध मारलेला. पहिला पावसाळा आला आणि काचा आपोआप खाली यायला लागल्या, मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेचना. वायरिंगचे कनेक्टर उघडले तर आत हिरवट गंज. वर्षभरात ७० हजार घातले आणि शेवटी निम्म्या किमतीला काढली.

त्या दिवसापासून मी कोणतीही गाडी बघायला गेलो की आधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. सीट बदलतात, पण पट्टा कोणी बदलत नाही. वरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळलेला भाग मातकट, मध्ये सरळ रेघ, म्हणजे पाणी तिथपर्यंत आलं होतं. नंतर स्टेपनी काढायची आणि खालच्या खोलगट जागेत, पत्र्याच्या जोडावर नख फिरवायचं. वाळलेला गाळ तिथून कधीच पूर्ण निघत नाही. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंजही बघा भावा.

---

धायरीकर (५ नोव्हेंबर, रात्री १०.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मैत्रेयीताई, पार्किंग मोजलं. खांबापासून भिंतीपर्यंत ५ मीटरला थोडं कमी आहे, सिटी-सियाझ बसेल.

डिझेल आणि ऑटोमॅटिकबद्दल कोणी सांगेल का? माझं वर्षाचं रनिंग १५ हजारांच्या आसपास होईल.

---

चौथा_गिअर (५ नोव्हेंबर, रात्री ११.००)

१५ हजाराला डिझेल नको. १.३ लिटरचं ते फियाटचं डिझेल इंजिन डिझायर, सियाझपासून झेस्ट, लिनियापर्यंत सगळ्यांनी वापरलं. दणकट आहे यात वाद नाही. पण मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, म्हणजे तुम्हाला मिळेल ती बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमातली), आणि डिझेल घेणाऱ्याने ती पळवण्यासाठीच घेतलेली असते. एकदा टर्बो किंवा इंजेक्टरचं काम निघालं की दोन वर्षांची इंधनातली बचत गेली. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या फार स्वस्तात दाखवतील, कारण तिकडे डिझेलला दहा वर्षांच्या मर्यादेची धास्ती असते. त्यांच्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी आणि इथला रोड टॅक्स भरण्यात वाचलेले पैसे जातात.

ऑटोमॅटिकमध्ये सिटी-अमेझचा सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक प्रकार) हिंजवडीच्या गर्दीत अतिशय सुखाचा. फक्त त्याचं तेल वेळेवर बदलल्याची बिलं असली तरच घ्या. तुमच्या बजेटमध्ये बिलांसकट मिळणं अवघड आहे, म्हणून मी मॅन्युअल म्हणेन.

---

रत्नागिरीकरीण (६ नोव्हेंबर, सकाळी ७.५०)

सीएनजीचाही विचार करा असं म्हणणार होते, पण तुम्हाला डिकी हवी आहे. बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसीवर चढवलेलं आहे का ते बघावं लागतं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी लागते. आमच्या गाडीत टाकी बसवल्यापासून आंब्याच्या पेट्या मागच्या सीटवर येतात. तुम्ही पेट्रोलच घ्या.

आईंना गाडी दाखवायला घेऊन जा, हे मात्र विसरू नका. सेडान खाली असते.

---

धायरीकर (९ नोव्हेंबर, रात्री ९.३०)

पहिली गाडी बघून आलो. डिझायर २०१८, पेट्रोल, पांढरी, ५२ हजार रनिंग, मागणी ५ लाख २० हजार. फोटोत एकदम चकाचक होती.

बॉनेटवर हात ठेवला तर गरम. "तुम्ही येणार म्हणून धुऊन आणली," म्हणाला. ठीक आहे म्हटलं. माझ्यासोबत आलेल्या मेकॅनिकने मागचे दरवाजे चार-चार वेळा उघडले-लावले. म्हणाला, साहेब, घरच्या गाडीत ड्रायव्हरचा दरवाजा आधी सैल होतो, हिचे मागचे दोन्ही सैल आहेत. मागची सीट मध्ये बसलेली. मग बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला एक रिकामा ब्रॅकेट आणि टेप गुंडाळलेली कापलेली वायर दाखवली. स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेगावर मर्यादा ठेवणारं यंत्र, काढलेला होता. टॅक्सीला तो लागतो, घरच्या गाडीला कशाला असेल?

विचारल्यावर विकणारा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की आधी "थोडे दिवस" कंपनीच्या कामावर लावली होती. क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत होतं. मेकॅनिकच्या अंदाजाने दीड लाखाच्या वर चाललेली असणार. नमस्कार करून निघालो.

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून सोबत नेला होता. तो नसता तर मी टोकन देऊन आलो असतो.

---

जुना_गॅरेजवाला (९ नोव्हेंबर, रात्री १०.२०)

वाचलात. टॅक्सीला लावलेली गाडी वाईटच असते असं नाही, खरं सांगून त्यानुसार किंमत लावून विकली तर घेणारे घेतात. पण जो हे लपवतो तो अजून काय लपवत असेल, त्याचा शोध तुम्ही कशाला घ्यायचा? डिझायर, एक्सेंट, इटिऑस या तिन्हींच्या बाबतीत ही काळजी घ्यावीच लागते, कारण टॅक्सीत या भरपूर चालल्या. सिटी-सियाझ त्या मानाने घरच्याच जास्त मिळतात.

---

कागदोपत्री (१० नोव्हेंबर, दुपारी १२.४०)

गाडीचं सगळ्यांनी लिहिलं, कागदांचं राहिलं. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून लिहितो.

टोकन देण्याआधी गाडीचा नंबर परिवहनच्या साइटवर टाकून आरसीची स्थिती, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं बघा. चलनं विकणाऱ्याने भरायची, आणि ती भरल्याची पावती बघूनच उरलेले पैसे द्यायचे. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटलंय हे तोंडी ऐकून चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. चासी नंबर आरसीवरचा आणि गाडीवरचा स्वतः डोळ्यांनी जुळवा.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. बरेच जण कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळे होतात आणि गाडी दोन-तीन हात फिरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. त्यामुळे नाव लवकर बदलणं ही विकणाऱ्याचीही गरज आहे, हे त्याला समजावून सांगा. स्वतःहून तुमच्याबरोबर येईल. आणि तुमची जुनी गाडी पुतण्याला देताय ना? तीसुद्धा घरातल्या घरात म्हणून तशीच ठेवू नका.

विम्याचं फार जणांना माहीत नसतं. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी नावावर करावी लागते. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) माणसाचा असतो, गाडीचा नसतो. विकणाऱ्याला ५० टक्के सूट मिळत असेल तर ती त्याच्याकडेच राहते आणि उरलेल्या मुदतीचा फरक तुम्हाला भरावा लागतो. उलट तुमच्या जुन्या गाडीवर तुम्ही कमावलेला बोनस तुम्ही नव्या पॉलिसीला लावू शकता. त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या. अकरा वर्षं गाडी होती म्हणता, क्लेम नसेल तर चांगले पैसे वाचतील.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का तेही बघा.

---

मैत्रेयी_ठाणे (१० नोव्हेंबर, दुपारी १.१५)

नो क्लेम बोनसचं मला खरंच माहीत नव्हतं. हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

---

धायरीकर (१६ नोव्हेंबर, रात्री ८.५०)

काल सिटी बघितली. २०१५, पेट्रोल मॅन्युअल, पहिला मालक, सगळ्या सर्व्हिस एकाच ठिकाणी केलेल्या. इंजिन असं की चालू आहे की बंद ते कळेना. मनातून ही घ्यायचीच असं ठरवून टाकलं होतं.

रत्नागिरीकरीण ताईंनी सांगितलं होतं म्हणून आईला नेलं होतं. ती मागे बसली, आणि बसताना शेवटचे चार बोटं अंतर तिला स्वतःला सोडून द्यावं लागलं, धपकन बसली. उतरताना मात्र तिला उठताच येईना. एका हाताने दरवाजा धरला, दुसऱ्या हाताने पुढच्या सीटची पाठ, आणि तरी अडकली. मी हात दिला. ती काही बोलली नाही, "चांगली आहे गाडी" एवढंच म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा काय समजायचं ते मला माहीत आहे.

आता सगळ्याच सेडानचं असं होणार का? मग सेडान सोडून द्यावी का? दोन दिवस हेच डोक्यात आहे.

---

रत्नागिरीकरीण (१६ नोव्हेंबर, रात्री ९.२५)

सोडू नका, आधी मोजा. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी हेच केलं होतं. आई घरात ज्या खुर्चीतून आधाराशिवाय उठतात तिची जमिनीपासून उंची टेपने मोजा. मग गाडीत सीटच्या कडेची उंची मोजा. फरक किती आहे ते कळेल. सगळ्या सेडान सारख्या नसतात. काहींची मागची सीट उंच असते, काहींचा दरवाजा जास्त उघडतो. घट्ट फोमची दोन-अडीच इंची उशी शिवून घेतली की बराच फरक पडतो. कापसाची नको, ती दबते. आणि आईंना आधी पाठमोरं बसायला सांगा, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरतानाही दोन्ही पाय आधी बाहेर. पुढच्या सीटवर बसल्या तर सीट मागे सरकवून अजून सोपं जातं.

---

चौथा_गिअर (१६ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

सियाझ अजून बघितली नाहीत ना? मागे पाय ठेवायला जागा भरपूर आहे, त्यामुळे वळून उतरायला सोपं जातं. एकदा आईंना बसवून बघाच.

---

धायरीकर (२३ नोव्हेंबर, रात्री १०.३०)

आज साताऱ्याला जाऊन आलो. सियाझ २०१७, १.४ लिटर पेट्रोल, एमएच-११, ६८ हजार रनिंग, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, पहिले मालक. मागणी ५ लाख १० हजार.

काकांनी चहा दिला आणि मी काही विचारायच्या आधी स्वतः सांगितलं, "२०१९ ला पाचवडजवळ म्हैस आडवी आली. बंपर, डावा हेडलॅम्प आणि मडगार्ड बदललंय." मग प्लास्टिकची फाइल आणली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेने लावलेली. मेकॅनिकने मडगार्डचे बोल्ट बघितले, डाव्या बाजूच्याच बोल्टांना पाना लागलेला होता. बिलात तेच होतं, विम्याच्या क्लेममध्येही तेच. पिलर स्वच्छ. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, एकसारखा काळा. स्टेपनी उचलली तर खाली कंपनीचा जॅक आणि पाना, कधी न वापरलेला.

बॉनेट थंड होतं. पहिल्या सेल्फला चालू झाली. खोट दोन निघाल्या. साताऱ्याच्या चढावर क्लच घसरतोय हे मला स्वतःला कळलं (गॅरेजवाले काका, तुम्ही लिहिलं होतं तसं, आरपीएम वर आणि गाडी तिथेच). आणि टायर २०१८ चे आहेत, म्हणजे नक्षी दिसत असली तरी सात वर्षांचे.

आई घरून खुर्चीचं माप घेऊन आली होती, १८ इंच. सियाझची सीट त्याहून खालीच आहे, पण मागे एवढी जागा आहे की ती दोन्ही पाय वळवून बाहेर ठेवू शकली, मग दरवाजाला धरून उठली. दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा मी हात पुढे केला तर "थांब रे" म्हणाली.

एकच शंका. सियाझ एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. पार्टचं काय?

---

जुना_गॅरेजवाला (२३ नोव्हेंबर, रात्री ११.१०)

१.४ चं तेच इंजिन पहिल्या अर्टिगात होतं. त्या किती फिरतायत ते रस्त्यावर बघा. इंजिन, क्लच, फिल्टर, ब्रेक यांची चिंता नको. हेडलॅम्प, बंपर असल्या बॉडीच्या पार्टना पुढे वाट बघावी लागू शकते, त्यासाठी विमा पूर्ण ठेवा, नुसता थर्ड पार्टी नको.

क्लच आणि चार टायर मिळून चाळीस हजारांच्या घरात जाईल. आपल्या भागातल्या दोन ठिकाणचे लेखी अंदाज घ्या आणि काकांपुढे ठेवा. ज्याने म्हैस स्वतःहून सांगितली तो माणूस हिशोब समजून घेईल. घासाघीस करताना गाडीला नावं मात्र ठेवू नका.

गाडी आल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधीचं बिल कितीही ताजं असलं तरी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, म्हणून इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिकला हाताने दाबून बघायला सांगा. कडक झाले असतील तर लगेच बदला, खर्च फार नाही.

---

पंचगंगा (२४ नोव्हेंबर, सकाळी ९.००)

घेऊन टाका भावा. फाइल ठेवणारा मालक परत मिळत नाही.

---

धायरीकर (२ डिसेंबर, रात्री ९.५५)

घेतली. ४ लाख ६२ हजारांना ठरली. क्लचचा अंदाज ठेवल्यावर काकांनी तो पूर्ण कमी केला, टायरचे अर्धे. एक चलन निघालं, दोन वर्षांपूर्वीचं, त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. माझ्यासमोर मोबाइलवर भरलं. काका आमच्याबरोबर आरटीओच्या कामाला स्वतः आले. विम्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला, जुन्या कंपनीचं बोनसचं पत्रही मिळालं. कागदोपत्री साहेब, तुमच्यामुळे चांगली रक्कम वाचली. पुतण्याच्या नावावर गाडी करायचे फॉर्मही भरून ठेवलेत.

क्लच, टायर, ऑइल सगळं होऊन आज ऑफिसला नेली. चांदणी चौकातून उतरताना मागे बघायची सवय लागायला वेळ लागेल, शेपूट लांब आहे. रत्नागिरीकरीण ताई, उशी अडीच इंची शिवली, कव्हर आईने स्वतः निवडलं. शनिवारी वाईला जातोय, परतताना तांदळाचं पोतं आणि वॉकर दोन्ही डिकीत.